आल्या आल्या अंगावर जायचं नाही

आमची आत्या निवृत्त झाल्यापासून तिच्याशी कुणालाही धड भांडता आलेलं नाही. प्रयत्न पुष्कळांनी केले. माझ्या दोन्ही काकांनी केले, खडवलीत नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्यांनी केले, स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांनी केले, आणि माझ्या आईने तर अगदी चिकाटीने केले. पण भांडायला समोर तोंड लागतं, आणि आपला आवाज जरा चढला की आत्याचं तोंड समोर नसतंच. ती आधी मान वळवते. आपण तरीही थांबलो नाही तर ती अख्खी वळते, आणि आपल्यापुढे उरतो तिचा अंबाडा. त्यानंतरही आपण बोलतच राहिलो तर ती जांभई देते. खोटी नाही, चांगली जबडा उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंतची. माणूस अंबाड्याशी किती वेळ भांडणार? काका पाय आपटत निघून जायचे आणि आई स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांशी उरलेलं भांडण पुरं करायची. ही विद्या आत्या एका कुत्रीकडून शिकली आहे. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते आणि त्यात तिला काडीचाही कमीपणा वाटत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, एसटीत कंडक्टर होती आणि ठाण्याच्या खोपट डेपोतून निवृत्त झाली. नोकरीत होती तेव्हा शांतता ही गोष्ट तिला गाडी बंद पडल्यावरच भेटायची. मागच्या दारातून दिलेली हाक ड्रायव्हरच्या कानात जाऊन बसेल असा तिचा आवाज. घरी आली तरी ती आम्हाला "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतच जेवायला बसवायची. निवृत्त झाल्यावर तिने खडवलीला दोन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणात एक पेरूचं झाड असं घर घेतलं. "जन्मभर माणसं कोंबली गाडीत, आता मला लांबून दिसली तरी पुरे," असं तिचं म्हणणं. माणसं लांब राहिली आणि कुत्री आली. तिने एकही आणलं नाही, ती आपली येत गेली आणि ही त्यांना नावं देत गेली. नावं कुठली, तर ज्या मार्गांवर तिने तिकिटं फाडली तिथल्या थांब्यांची. त्यामुळे तिच्या अंगणातलं बोलणं परक्या माणसाने ऐकलं तर त्याला वेड लागायची पाळी. "ए मुरबाड, खाली उतर!" "शहापूरचं पोट बिघडलंय आज." "पडघा कुठे गेला? दोन तास झाले, पत्ता नाही." एकदा एक नवीन पोस्टमन हे ऐकून फाटकाबाहेर बराच वेळ गाडीची वाट बघत उभा होता म्हणतात. या सगळ्यांत मोठी होती ती खोपट. तपकिरी रंगाची, एक कान फाटलेली, चारचौघींसारखी गावठी कुत्री. "सगळ्या गाड्या शेवटी तिथंच येऊन लागतात ना, म्हणून," असं नावाचं कारण आत्या सांगायची. माझ्या वडिलांना ती आजही अरे-तुरे करते, पण खोपटला मात्र अहो-जाहो. "खोपटबाई, जेवून घ्या."

पुढे कधीतरी लोक तिच्याकडे पिल्लं आणून सोडायला लागले. कल्याण-डोंबिवलीकडच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पिल्लं, सोफे फाडणारी, पाहुण्यांच्या छातीवर चढणारी, बेल वाजली की अख्खा मजला डोक्यावर घेणारी. डोंबिवलीच्या एका जोडप्याने मफिन नावाचं लॅबचं पिल्लू आणलं तेव्हा मी तिथेच होते. पिल्लाबरोबर त्याची गादी, त्याची बाटली आणि त्याच्या खेळण्यांची पिशवी होती. "आँटी, हा ना अजिबात ऐकत नाही, तुम्ही याला ट्रेन कराल ना?" मुलीने विचारलं. आत्या म्हणाली, "मी कशाला? मला भाकऱ्या थापायच्यात. शिकवतील त्या." आणि तिने पेरूखाली आडव्या पडलेल्या खोपटकडे बोट दाखवलं. जोडपं घाबरून एकमेकांकडे बघायला लागलं. तोवर मफिन सुटलं आणि थेट खोपटच्या तोंडावर जाऊन आदळलं. खोपटने मान वळवली आणि पलीकडच्या शेताकडे बघायला लागली. मफिन त्या बाजूला गेलं, तिने मान या बाजूला केली. ते पाठीवर चढलं तेव्हा ती उठली, चार पावलं गेली आणि त्याच्याकडे पाठ करून पुन्हा बसली. मग मफिनने तिचा फाटका कान धरून ओढला. खोपटने घशातून अगदी बारीक आवाज काढला आणि त्याचं अख्खं थोबाड आपल्या तोंडात धरलं. दात न लावता, क्षणभर. मुलगी किंचाळली, आत्याने भाकरी उलटली. पिल्लू सुटलं, खाली बसलं आणि विचार करायला लागलं. बहुधा जन्मात पहिल्यांदाच. ते बसल्यावर खोपट आपणहून आली आणि त्याच्याशेजारी अंग टाकून पडली. झाला धडा.

बाकीची कुत्री हाताखालच्या शिक्षकांसारखी होती आणि प्रत्येकाचा विषय ठरलेला होता. मुरबाड खेळ घ्यायचा. एवढा दांडगा कुत्रा, पण पिल्लापुढे मुद्दाम उताणा पडून हरायचा, आणि पिल्लू जोरात चावलं की तत्क्षणी खेळ बंद करून निघून जायचा. पिल्लू बिचारं रिकाम्या अंगणात उभं राहून आपलं काय चुकलं ते शोधत बसायचं. शहापूरकडे शांतता समिती होती. दोन पिल्लं एकमेकांच्या नरड्याशी गेली की ती न भुंकता, कुणाकडे न बघता त्यांच्या मधून चालत जायची, जणू तिला पलीकडे काही काम आहे. परत मधूनच यायची. दोन फेऱ्यांत भांडण संपायचं. आत्या हे सगळं ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता बघायची आणि मला म्हणायची, "बघितलंस? एकाने तरी आवाज चढवला? आणि आमच्या गाडीत सुट्ट्या पैशांवरून खून पडायची वेळ यायची."

इथवर ठीक होतं. पण आत्याने ही पद्धत माणसांना लावायला सुरुवात केली. डोंबिवलीला आमच्या सोसायटीची मीटिंग होती, पार्किंगवरून. दुसऱ्या मजल्यावरचे आणि चौथ्या मजल्यावरचे असे दोन गृहस्थ एकमेकांचे शर्ट धरण्याच्या बेतात होते. आत्या पाहुणी म्हणून आलेली, तिचा पार्किंगशी संबंध नाही, ती कधी सायकलवरही बसलेली नाही. ती उठली, पदर सावरला आणि त्या दोघांच्या बरोबर मधून चालत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघून आली. दोघे थांबले, तिला वाट दिली, पुन्हा सुरू झाले. ती पुन्हा गेली. या वेळी तिने कॅलेंडरचं पान उलटून पुढच्या महिन्याची पौर्णिमाही बघितली. तिसऱ्या फेरीला चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, "आजी, तुम्हाला नक्की काय हवंय?" आणि त्यात आपण काय बोलत होतो हेच विसरले. सेक्रेटरी अजूनही वडिलांना विचारतात, पुढच्या मीटिंगला तुमच्या ताई येणार का.

मला या सगळ्याची मजा वाटायची. माझ्या लग्नाची वेळ आली तेव्हा ती मजा आटली. मुलगा माझ्याच ठाण्याच्या ऑफिसातला, राहायला कल्याणला, मीच पसंत केलेला. घरात त्याला कुणाचा विरोध नव्हता. पण वडील आत्याला विचारल्याशिवाय पडद्याचं कापडही घेत नाहीत. "ती हो म्हणाली की झालं. नाही म्हणाली तर मग बघू," असं म्हणून त्यांनी विषय संपवला, आणि 'मग बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझी भीती वेगळीच होती. मुलगा सोन्यासारखा, पण गप्प बसणं त्याला जमत नाही. आनंद झाला की तो बोलतो, भीती वाटली की त्याहून जास्त बोलतो. ऑफिसात लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी त्याची ओळख व्हायला दोन मजले पुरतात. भेटेल त्याचा हात दोन्ही हातांनी धरून हलवतो, हसताना समोरच्याच्या खांद्यावर थाप मारतो, आणि त्याच्या चहाच्या कपातला चहा कायम बशीत असतो. मला तो जसा आवडतो तसाच आवडतो. पण खडवलीच्या त्या अंगणात तो काय दिसणार आहे, हे मला लख्ख दिसत होतं.

ठरल्या रविवारी आम्ही आधी पोचलो. आत्याची धांदल उडाली होती. तिने अंगण दोनदा झाडलं होतं, कुत्र्यांना आंघोळी घातल्या होत्या आणि ओट्यावर घासूनपुसून तांब्या-भांडं मांडलं होतं. मग तिने आम्हा तिघांना समोर उभं करून सूचना दिल्या. "नवीन कुणी आलं की आल्या आल्या अंगावर जायचं नाही. बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. त्याला जागा बघू दे. आपणहून बसला की मग जवळ जायचं."

"हे कुत्र्यांसाठी ना?" वडिलांनी विचारलं.

"कुत्र्यांना सांगावं लागत नाही," आत्या म्हणाली.

"अहो वन्सं, पण पाहुणे आहेत ते," आई काकुळतीला आली. "पाणी तरी विचारू?"

"पाणी ठेवलंय भरून. तहान लागली की पितील."

रिक्षा थांबली. मुलगा एका हातात पेढ्यांचा बॉक्स आणि दुसऱ्या हातात फुलं घेऊन उतरला आणि फाटकातूनच "जय भीम! जय भीम!" करत आत आला. मागून त्याची आई. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत एकही बट इकडची तिकडे नाही. शाळेत शिक्षिका, नवरा गेल्यावर एकटीने मुलाला वाढवलेलं. आम्ही सगळे आपापल्या जागी बसून होतो. आई स्वतःच्या बांगड्या मोजत होती. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. वडिलांच्या तोंडून जन्माच्या सवयीने "जय भीम" निघालंच, पण ते त्यांनी पेरूच्या झाडाला केलं. आत्या पाठ करून बसलेली. कुत्रीही सगळी पाठ करून. ती शांतता पाहिली आणि मुलाने ती भरून काढायला घेतली.

"अरे वा, एकदम मस्त आहे हां इथे! मी आलेलो एकदा खडवलीला, कॉलेजची पिकनिक होती नदीवर. तेव्हा हे घर होतं का? असेल. नसेल. केवढी कुत्री आहेत! चावत नाहीत ना? मला आवडतात तशी. लहानपणी एक चावलेला, पण त्याची काय चूक नव्हती, मीच पाय दिलेला. काका, बरे आहात ना? काकू? पेढे कुठे ठेवू?"

आत्याने जांभई दिली. मी खालच्या खाली हाताने त्याला बस, बस अशा खुणा करत होते. त्याला वाटलं मी पेढे तिथेच ठेव म्हणते आहे. त्याने बॉक्स जमिनीवर ठेवला, मग तो कुत्र्यांपुढे ठेवला असं वाटून उचलला, मग मुरबाडला एक पेढा देऊ केला. मुरबाडने मान वळवली. एरवी तो पेढ्यासाठी जीव देतो, पण त्या दिवशी त्यानेही शिस्त पाळली.

आणि तेवढ्यात त्याची आई बोलली. अजून ती फाटकातच उभी होती. "चल रे. रिक्षा गेली नसेल अजून. ज्या घरात पाणी विचारत नाहीत त्या घरात मुलगी मागायला आपण आलो नाही."

"आई, थांब ना," तो म्हणाला आणि त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. मी त्याला पहिल्यांदाच असा बघत होते. त्याची आई वळली. माझं लग्न इस्त्रीची साडी नेसून फाटकाबाहेर निघालं होतं, आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

आत्याने मागे वळून पाहिलं, आणि इतक्या वर्षांची सगळी विद्या एका झटक्यात गेली. डेपोतला आवाज परत आला. "ओ ताई! थांबा! उतरू नका! म्हणजे, चढू नका! कोण म्हणतं पाणी नाही? तो काय तिथे तांब्या ठेवलाय! दिसत नाही का?" ती हात नाचवत धावत सुटली. त्या बाईही शिक्षिका होत्या, चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेला आवाज त्यांच्याकडेही होता. "तांब्या ठेवला म्हणजे झालं? माणसाने विचारायचं असतं! माझा मुलगा काय रस्त्यावरचा आहे?" "रस्त्यावरचं इथे सगळंच आहे! त्यात काय वाईट आहे?" आत्याशी कुणाला भांडता येत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, ते त्या दिवशी खोटं ठरलं. काकांनी हे बघितलं असतं तर त्यांना आनंदाने भोवळ आली असती.

पेरूखालून खोपट उठली. तिने आधी पुढचे पाय ताणले, मग मागचे, आणि सावकाश चालत त्या दोघींच्या मधे जाऊन आडवी उभी राहिली. आत्याकडे पाठ करून. आत्या उजवीकडून पुढे जायला गेली, खोपट एक पाऊल उजवीकडे सरकली. आत्या डावीकडे गेली, खोपट डावीकडे. मग खोपटने मान वळवून शेताकडे बघितलं आणि जबडा उघडून सावकाश जांभई दिली.

आत्याचा आवाज वाक्याच्या मधेच बंद पडला. ती तिथेच मातीत बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला होता, हातात तो बॉक्स तसाच. मग आत्या बोलायला लागली, त्या बाईंकडे न बघता, जमिनीकडे बघत, इतक्या हळू की आम्हाला पुढे वाकावं लागलं.

"मला बघायला आलेले ना ताई, तेव्हा मी आत आले आणि सगळे एकदमच सुरू झाले. चालून दाखव. केस सोडून दाखव. पेपर वाच. हात बघू. उजेडात ये. एकाने म्हटलं नाही, बस म्हणून. सगळं होईपर्यंत मी उभी. त्यानंतर परत कुणाला येऊ दिलं नाही मी. ही कुत्री नवीन पिल्लाला असं नाही करत. त्याला बसू देतात आधी. म्हणून म्हटलं, तुमच्या मुलालाही बसू द्यावं जरा. एवढंच. अपमान नव्हता हो करायचा."

मी आत्याच्या हाताखाली वाढले. आत्याने लग्न का केलं नाही याची आमच्याकडे चार-पाच कारणं तयार होती, त्यात हे नव्हतं. वडिलांकडे बघितलं तर त्यांनाही ते माहीत नसावं. ते अजून पेरूच्या झाडाकडेच बघत होते, पण आता दुसऱ्याच कारणाने.

त्या बाई बराच वेळ फाटकाचा कडीकोयंडा धरून उभ्या होत्या. मग आत आल्या, ओट्यावरचं भांडं घेतलं, स्वतःच्या हाताने पाणी ओतून प्यायल्या आणि आत्यापासून थोड्या अंतरावर, इस्त्रीच्या साडीनिशी, जमिनीवर बसल्या. "मला सुई ओवून दाखवायला लावलेली," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा चष्मा लागायचा होता. धागा दिसत होता, भोक दिसत नव्हतं."

"मग?"

"ओवली. आधी बोटात गेली."

आत्याने मान डोलावली. हळूहळू कुत्री एकेक करून उठली आणि आमच्यात येऊन पडली. बऱ्याच वेळाने आत्याने हनुवटीने भिंतीकडे खूण केली. "बसला बघा तुमचा." मुलगा एक शब्द न बोलता बसला होता, मुरबाड त्याच्या पायावर मान टाकून झोपला होता, आणि तो पाय हलवायचं धाडस त्याच्यात नव्हतं. आत्याने त्याच्याकडे नीट, पहिल्यांदा, डोळे भरून बघितलं. "चालेल," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

लग्न झालं. नवरा अजून तितकाच बोलतो, त्याच्यात खोपटला काही सुधारणा करता आली नाही. बिघडल्या त्या माझ्या सासूबाई. आता घरात त्याचा आवाज वाढला की त्या भाजी चिरता चिरता मान वळवतात, आणि माझा वाढला की सरळ जांभई देतात. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत त्यांनी हा प्रयोग मुख्याध्यापकांवर केला आहे असं ऐकते. सुट्टीच्या दिवशी कसाऱ्याची गाडी पकडून त्या खडवलीला जातात, मला न विचारता, कधी न सांगता. मी फोन करते, "काय चाललंय?" तिकडून उत्तर येतं, "काही नाही, बसलोय."

खोपट आता फारशी उठत नाही. नवीन पिल्लू आलं की ती फक्त डोळा उघडते. दोघी बायका तिच्या दोन बाजूंना बसतात आणि तासन्‌तास काय बोलतात कोण जाणे. सासूबाईंना आत्याची सगळी गोष्ट माहीत आहे. बघायला आलेले ते कोण होते, कुठून आले होते, काय निरोप आला, तो कुणी आणून सांगितला. मी विचारलं तर म्हणतात, "ते तिचं आहे, तिला विचार." आत्याला विचारलं तर ती पाठ फिरवते. खरं सांगते, मला माझ्या सासूचा हेवा वाटतो. भाची मी आहे.

परवा मी एकटीच गेले. बरोबर नवरा नाही, फोन पर्समध्ये, पर्स आत खुंटीला. काही विचारायचं नाही असं ठरवूनच गेले होते. ओट्यावर बसले. आत्याने भाकऱ्या केल्या, कुत्र्यांना घातल्या, भांडी विसळली, अंगण झाडलं, दोरीवरचे कपडे काढून घड्या केल्या. ऊन पेरूच्या झाडावरून पुढे सरकलं. मी बसून होते. मग ती आली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश माझ्याशेजारी टेकली आणि समोर बघत म्हणाली, "निळी साडी होती. आईने शेजारून मागून आणलेली."